शब्द येईपर्यंत

पाळकसाहेबांनी डावा हात वर केला. म्हणजे मी गप्प बसायचं.

माझ्या हातात चित्राचं कार्ड होतं. कार्डावर कंगवा. ‘हे काय आहे?’ असं विचारून मी थोडं थांबले होते, मग नियमाप्रमाणे पहिला आवाज पुरवला, ‘कं...’ तेवढ्यात हात वर आला. त्यांना माझी मदत नको होती. ते कार्डाकडे बघत बसले. घड्याळ त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर होतं, म्हणजे नेमकं माझ्या तोंडासमोर. पुढचा पेशंट बाहेरच्या बाकावर येऊन बसला होता, त्याच्या चपला मला दाराखालून दिसत होत्या. कंगवा काही आला नाही. मी कार्ड खाली ठेवलं आणि शीटवर लिहिलं, ‘नो रिस्पॉन्स’.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. तोतऱ्या मुलांना नीट बोलायला शिकवणारी बाई, एवढंच लोकांना माहीत असतं. पण पनवेलच्या ज्या रिहॅब सेंटरमध्ये मी काम करते तिथे माझे निम्मे पेशंट स्ट्रोकचे असतात. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक आला की बऱ्याचदा शरीराची उजवी बाजू लुळी पडते आणि तिच्याबरोबर बोलणंही जातं. याला अफेजिया म्हणतात. माणसाची बुद्धी शाबूत असते. त्याला कंगवा ओळखता येतो, केस विंचरून दाखवता येतात. फक्त ‘कंगवा’ हा शब्द तोंडापर्यंत येत नाही. आपल्याला एखाद्याचं नाव ओठावर येऊन आठवत नाही ना, तसं त्यांना दिवसभर, प्रत्येक शब्दाला होतं.

हे पेशंट म्हणजे रेव्हरंड दानियल रणपिसे. पनवेलमधल्या एका जुन्या चर्चचे पाळक. साठी ओलांडलेले, उंच, स्ट्रोकनंतरही शर्टाची कॉलर कडक. आजारपणाआधी त्यांची ख्याती होती ती लांबलचक प्रार्थनेसाठी. त्यांच्या बायकोनं, म्हणजे पाळकीणबाईंनी, मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “यांनी डोळे मिटले की बायका घरी जाऊन कुकर लावून परत यायच्या, असं आमच्या चर्चच्या मंडळीत गमतीनं म्हणतात. कधी शब्द कमी पडला नाही बघ यांना.”

आता त्यांच्याकडे चार-पाच शब्द उरले होते. ‘हो’, ‘नाही’, ‘अगं’, ‘पाणी’ आणि ‘आमेन’.

नातेवाइकांसाठी माझा पहिला नियम असतो: पेशंटचं वाक्य तुम्ही पूर्ण करायचं नाही. पाळकीणबाईंना हे फार जड गेलं. साहेबांनी नुसतं तोंड उघडलं की त्या सुरू. “चहा? पाणी? पंखा? सुबोधला फोन लावू?” मी त्यांना दटावलं की त्या पदर तोंडात धरून गप्प बसायच्या. फार वेळ नाही टिकायच्या.

“तू आपलीच ना गं, रूथ?” एकदा त्यांनी विचारलं. “कदम म्हणजे कुठले?”

“नगरकडचे. मी खारघरच्या चर्चला जाते.”

“मग प्रार्थना करतेस ना यांच्यासाठी?”

“करते की.”

ते खोटं नव्हतं. माझी प्रार्थना स्कूटीवर व्हायची. उरण नाक्याचा सिग्नल लाल असला की मी एकेका पेशंटचं नाव घ्यायची. सिग्नल हिरवा झाला की आमेन. उरलेले पेशंट दुसऱ्या दिवशी.

मार्चच्या सुरुवातीला आमच्या सेंटरचे प्रमुख, डॉक्टर प्रधान, यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“रूथ, रणपिसेंचा ग्राफ बघितलास?”

“बघितला, सर.”

“सपाट आहे. प्लॅटो आलाय.” प्लॅटो म्हणजे पठार. सुधारणा चढत चढत जाते आणि एका टप्प्यावर थांबते, त्याला आम्ही प्लॅटो म्हणतो. प्लॅटो आला की पेशंटला डिस्चार्ज देऊन घरी करायचे व्यायाम लिहून द्यायचे, अशी पद्धत आहे. “वेटिंगमध्ये तरुण माणसं आहेत. त्यांना लवकर घेतलं तर जास्त फायदा होईल. डिस्चार्ज कर.”

“महिना अखेरीपर्यंत द्या, सर.”

“महिन्यात काय होणार आहे?”

हे मलाही माहीत नव्हतं. पण सर भले गृहस्थ. “महिनाअखेर,” ते म्हणाले, “आणि मग तूच त्यांना सांगायचंस.”

त्याच आठवड्यात चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी मला भेटायला आले. भालेराव काका. बंदरावरच्या नोकरीतून निवृत्त झालेले, हातात हेल्मेट, बोलणं मुद्द्याचं.

“मॅडम, पाळकसाहेब आमचे लाडके आहेत. पण मंडळीला पाळक लागतो. लग्नं आहेत, बाप्तिस्मे आहेत, मयती कोणाला सांगून होत नाहीत. दुसऱ्या चर्चमधून माणूस आणून आणून किती दिवस रेटणार? एक सांगा. ईस्टरपर्यंत ते वेदीवर उभे राहून प्रार्थना चालवू शकतील का? हो की नाही?”

“असं हो-नाही सांगता येत नाही, काका.”

“कमिटी मला हेच विचारणार. हो की नाही.”

प्रश्न नुसत्या कामाचा नव्हता. पाळकांना राहायला घर असतं, चर्चच्या आवारातच. नवे पाळक आले की ते घर त्यांचं. रणपिसेंचा मुलगा सुबोध उरणला कंटेनर यार्डच्या ऑफिसात होता. त्यानं उलव्याला फ्लॅट बुक केला होता, पण बिल्डिंगचे वरचे मजले अजून उघडे होते आणि बिल्डर दर वेळी पझेशनची नवी तारीख सांगत होता. ताजी तारीख पुढच्या दिवाळीची होती. सुबोधचं म्हणणं साधं होतं. पप्पा तोपर्यंत कसेबसे पदावर टिकले, तर आईवडिलांना सामान घेऊन वणवण करावी लागणार नाही.

तोही मला सारखा फोन करायचा. “मॅडम, आज काही बोलले? काल काही बोलले? अजून एखादा व्यायाम वाढवता येईल का?”

मला रात्री नीट झोप लागेना. जेवताना, भांडी घासताना मी मनात कार्डं उलटत असायची. आणि ते स्वतः मात्र माझ्यासमोर शांत बसायचे. मी विचारलं की कार्डाकडे बघायचे, मग हात वर, मग डोळे अर्धवट मिटून स्तब्ध. निम्मं सेशन असंच जायचं. पेशंटनं धडपडावं, चुकावं, चिडावं असं आम्हाला हवं असतं. चुकीच्या शब्दावरून बरोबर शब्दापर्यंत जाता येतं. गप्प माणसाला कुठून धरायचं?

शेवटी मी दुसरी वाट काढली.

अफेजियाच्या पेशंटमध्ये एक गंमत दिसते. जे पाठ असतं, लहानपणापासून हजारदा घोकलेलं असतं, ते पुष्कळदा सुटत नाही. स्वतःच्या मुलाचं नाव न येणारा माणूस एक ते वीस आकडे घडाघडा म्हणतो, वार म्हणतो, आरती म्हणतो. त्याला ऑटोमॅटिक स्पीच म्हणतात. ते मेंदूच्या वेगळ्या रस्त्यानं येतं. मध्येच अडवून ‘बुधवारनंतर काय?’ विचारलं तर मात्र सांगता येत नाही, पुन्हा सोमवारपासून सुरू करावं लागतं. म्हणून आम्ही ते फार मोजत नाही. ते बोलणं परत आल्याचं लक्षण नव्हे.

एका दुपारी मी कार्डं बाजूला सारली आणि प्रभूच्या प्रार्थनेचा, म्हणजे ख्रिस्ती घरांत लहानपणीच पाठ होते तिचा, पहिला शब्द म्हटला. नुसता पहिला.

पाळकसाहेबांच्या तोंडून ती अख्खी प्रार्थना बाहेर आली. आमेनपर्यंत. न अडखळता, त्यांच्या जुन्या भरदार आवाजात. बाहेर बसलेल्या पाळकीणबाई आवाज ऐकून धावत आत आल्या आणि दारातच भिंतीला धरून रडायला लागल्या. सुबोधही त्या दिवशी आला होता. त्यानं फोन काढला. “मॅडम, परत एकदा. प्लीज.” मी परत पहिला शब्द दिला. पुन्हा अख्खी प्रार्थना. सुबोधनं व्हिडिओ घेतला आणि जिना उतरायच्या आत मंडळीच्या ग्रुपवर टाकला.

तासाभरात भालेराव काकांचा फोन. “मॅडम, काय बोलू! चमत्कार! कमिटीला कळवलंय मी. झावळ्यांच्या रविवारी साहेब वेदीवर येतील, प्रार्थना चालवतील. एवढं झालं की वर्षभर कोणी बोलणार नाही. उपदेशाला आणू कोणीतरी.”

मी त्यांना सांगायला हवं होतं की हा चमत्कार नाही. मी म्हटलं, “बघू या, काका.”

पुढच्या सेशनला मी पूर्ण तयारीनं गेले. प्रभूची प्रार्थना, शेवटचं आशीर्वचन, दोन-तीन ठरलेली वाक्यं. ही सगळी घोटून घेतली तर तासाभराची उपासना निभावता येणार होती. मी पुढच्या बाकावर बसणार, ओठ हलवून पहिला शब्द दाखवणार, पुढचं आपोआप. साहेबांना मी हा बेत समजावून सांगितला. त्यांना समजतं सगळं.

त्यांनी मान फिरवली.

“साहेब, परत एकदा म्हणू या?”

“नाही.”

“दमलात?”

“नाही.”

“मग काय झालं?”

त्यांचा चेहरा लाल झाला. ओठ जुळले, सुटले. पहिल्यांदाच ते माझ्यासमोर धडपडत होते. पाळकीणबाईंनी पदर तोंडाला लावला. माझाही हात मदतीला शिवशिवत होता, पण पहिला आवाज कुठला द्यावा हेच कळेना, कारण कोणता शब्द येतोय याचा मला पत्ता नव्हता.

“पो...” ते म्हणाले. “पो... पोपट.”

मग त्यांनी बोट स्वतःच्या छातीवर आपटलं आणि पुन्हा म्हणाले, “पोपट. नाही.”

महिन्याभरात त्यांनी कमावलेला हा पहिला नवा शब्द. खरं तर मी खूश व्हायला हवं होतं.

सुबोधला राग आला. “पप्पा, कोणाला कळणार आहे? तीच प्रार्थना, तेच शब्द. अख्खी मंडळी दर रविवारी पाठच म्हणते ना? दिवाळीपर्यंत फक्त. आईचा तरी विचार करा.”

“सुबोध,” पाळकीणबाई म्हणाल्या, “माझं नाव मध्ये घेऊ नको.”

मीही सुबोधच्या बाजूनं बोलले. साहेब, यात खोटं काही नाही. तुमचीच प्रार्थना आहे, तुमच्याच तोंडून येतेय. लोकांना धीर मिळेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. लहान मुलाची शिकवणी घेणारा मास्तर बघतो तसं.

त्या दोघांना मी बाहेर बसवलं. मला एक गोष्ट विचारायची होती. अफेजियाच्या पेशंटला हो-नाहीचे प्रश्न विचारत जायचं असतं, म्हणजे त्यालाही सोपं पडतं.

“साहेब, मी कार्ड दाखवल्यावर तुम्ही हात वर करून गप्प बसता. तेव्हा शब्द शोधत असता?”

“नाही.”

“माझा राग येतो?”

ते हसले. “नाही.”

“मग काय करता?”

हा प्रश्न चुकीचा, त्याचं उत्तर हो-नाहीत बसत नाही. पण त्यांनी डाव्या हातानं मांडीवरचा लुळा उजवा हात उचलला, छातीशी नेला आणि दोन्ही हात जोडून धरले.

मला समजायला वेळ लागला. “प्रार्थना करता? इथे? कंगव्यासाठी?”

“हो.” आणि ते मोठ्यानं हसले. मलाही हसू आलं. मग हसू आटपलं आणि मला अस्वस्थ वाटायला लागलं. माझ्या शीटवर ओळीनं ‘नो रिस्पॉन्स’ लिहिलेलं होतं.

जाताना पाळकीणबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, घरी तर विचारू नकोस. आधी पहाटे उठून तास तास बोलायचे देवाशी, मी आतून ऐकत असायची. आता खुर्चीत बसतात आणि काहीच नाही. ऊन खिडकीतून आत येतं तरी तसेच. मला भीती वाटते गं. दोनदा जाऊन श्वास चालतोय का बघते. म्हणते, अहो, निदान आमेन तरी म्हणा, म्हणजे मला चहा टाकता येईल.”

“मग?”

“मग हात वर करतात.”

झावळ्यांच्या रविवारी मी माझं चर्च सोडून त्यांच्याकडे गेले. आवारात सगळ्यांच्या हातात झावळ्या. येशूनं यरुशलेमात प्रवेश केला त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीचा हा रविवार पाळतात. मुलं झावळ्यांनी एकमेकांच्या मानेला गुदगुल्या करत होती. भालेराव काकांनी मला पहिल्या बाकावर जागा धरून ठेवली होती. “तुम्ही समोरच बसा. सुरुवात करून द्या फक्त.”

साहेब येणार नाहीत असंच मला वाटत होतं. पण ते आले. पांढरा झगा, सुबोधच्या खांद्यावर हात, पाय ओढत वेदीपर्यंत गेले. गायन झालं. शास्त्रपाठ दुसऱ्या कोणी वाचला. मग काकांनी माइकवर सांगितलं, “आता आपले पाळकसाहेब आपल्याला प्रार्थनेत नेतील.” चर्च खच्चून भरलं होतं. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी ठरल्याप्रमाणे ओठ उघडले.

त्यांनी डावा हात वर केला.

मी तोंड मिटलं. त्यांनी डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. आणि काहीच झालं नाही.

सुरुवातीची शांतता चांगली होती. प्रत्येकाला वाटत होतं, आता सुरू होईल. मग कोणीतरी खोकलं. एक बाळ कुरकुरलं, त्याच्या आईनं त्याला थोपटलं. पंखा किरकिरत होता, तो मगाशी ऐकू आला नव्हता. झावळ्यांची सळसळ वाढली, म्हणजे लोक चुळबुळ करायला लागले होते. मी एक डोळा उघडून बघितलं. पुष्कळांचे दोन्ही डोळे उघडे होते. काका मला खुणावत होते, सुरुवात करा, सुरुवात करा. की-बोर्डवाल्याला राहवेना. त्यानं हळूच एका गीताची सुरावट धरली, साहेबांना सोडवायला. भल्या मनानंच. साहेबांनी डोळे न उघडता त्याच्या दिशेनं हात केला. तो थांबला.

माझ्या धंद्याच्या हिशेबानं हे अपयश होतं, आणि तेही चारचौघांत, माझ्या पेशंटचं. एक शब्द दिला असता तर सगळं घडाघडा बाहेर आलं असतं. मी तो जिभेवर घेऊन बसले होते. बाजूला पाळकीणबाई. त्यांनी पदर तोंडात धरला नव्हता. हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसल्या होत्या. त्या माणसाची वाक्यं आयुष्यभर पूर्ण करत आलेली ही बाई. तिला नक्की ठाऊक असणार, त्याला काय म्हणायचंय. ती बोलली नाही, म्हणून मीही बोलले नाही.

“बापा,” साहेब म्हणाले.

चर्चमध्ये सुटकेचा एक श्वास ऐकू आला. आणि पुन्हा शांतता. आधीपेक्षा लांब.

“वाट.”

मागच्या बाकावर कोणीतरी कुजबुजलं. कोणीतरी खुदकन हसलंसुद्धा. मराठीत ‘वाट’ म्हटलं की पुढे ‘लागली’ हेच आधी आठवतं. सुबोध अर्धा उठला होता. त्याला वडिलांना धरून खाली आणायचं होतं. पाळकीणबाईंनी न बघताच त्याचा सदरा धरून त्याला बसवलं.

साहेबांचा चेहरा घामानं भिजला होता. पण मला जो चेहरा माहीत होता, शब्द अडकल्यावरचा, तो हा नव्हता. ओठांची धडपड नव्हती. ते उभे होते, एवढंच. एखाद्याच्या दारात कोणी उभं असतं आणि आतून पावलं ऐकू येत असतात, तसे.

“बघतो,” ते म्हणाले. आणि लगेच, “आमेन.”

आमेन ऑटोमॅटिक. पण त्याआधीचे तीन शब्द कुठल्याही पाठांतरातले नव्हते. स्वतःच्या मनानं जुळवलेलं, संबोधनापासून क्रियापदापर्यंत अर्थ लागणारं, स्ट्रोकनंतरचं ते त्यांचं पहिलं वाक्य. थेरपिस्ट म्हणून मला त्या क्षणी फक्त एवढंच सुचलं, आणि मी पर्समध्ये पेन शोधायला लागले. मंडळी काही क्षण तशीच बसली. मग मागून एक म्हातारा आवाज आला, “आमेन.” मग बाकीचे.

आता पुढचं सांगते. कमिटीनं नवा पाळक आणला. भालेराव काका स्वतः घरी जाऊन साहेबांना सांगून आले. हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून, पण सांगितलं. “आम्हाला बोलणारा माणूस लागतो, साहेब.” साहेबांनी त्यांचा हात धरून मान हलवली. कमिटीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मयतीच्या घरी पाळकाला चार वाक्यं बोलावी लागतात, आणि ती वेळेवर बोलावी लागतात.

मे महिन्यात त्यांनी घर सोडलं. उलव्याच्या फ्लॅटचं पझेशन त्या दिवाळीला मिळालं नाही आणि पुढच्याही नाही. रणपिसे कुटुंब खारघरच्या कडेला ओवे गावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिलं. सुबोध बरेच दिवस वडिलांशी तुटक वागायचा. नंतर निवळला. निवळला म्हणजे काय, त्याला रोज सकाळी उरणची बस गाठायची असते. भांडायला वेळ कुठाय.

डॉक्टर प्रधानांना मी ते वाक्य दाखवलं. ते चष्मा काढून म्हणाले, “तीन शब्द. एका महिन्यात.”

“हो, सर. पण स्वतःचे.”

“आठवड्यातून एकदा घे. संध्याकाळच्या ग्रुपमध्ये. त्याहून जास्त मी देऊ शकत नाही.”

तेवढं मिळालं. ग्राफ आजही जवळपास सपाटच आहे. वर्षाला थोडे शब्द येतात. ‘सरोज’ हे बायकोचं नाव यायला पुढचा पावसाळा उलटला. ते आलं तेव्हा पाळकीणबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी ‘काय हो?’ असं विचारलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

ओव्यात त्यांच्या घरी बुधवारी संध्याकाळी काही जण जमतात. आधी दोघं-तिघं जुन्या मंडळीतले आले, विचारपूस करायला. साहेबांशी काय बोलणार? म्हणून नुसते बसले. पुढच्या बुधवारी पुन्हा आले. आता खोली भरते. कोणी उपदेश करत नाही. साहेब कधी एक शब्द बोलतात, बऱ्याचदा तोही नाही. घरमालकीण म्हणजे गावातली एक आगरी आजी, ती ख्रिस्ती नाही, तीही उंबऱ्याला टेकून बसते. एकदा मी विचारलं तर म्हणाली, “मना काय समजत नाय गो. पन हितं बरा वाटतं. घरान सगली बोलतानच हायेत.”

मीही जाते. पहिल्या काही बुधवारी मला तिथे बसवेना. पाय हलायचे, फोन पर्समध्ये थरथरला की जीव तिकडे जायचा, गॅस बंद केला की नाही याची शंका यायची. मी मनातल्या मनात सगळ्या पेशंटची नावं घेऊन टाकायची, एका दमात, आणि मग पुढे करायला काही नसायचं. बाकीचे बसलेले. न्यायला कोणी येईल म्हणून बसावं तसे. अजूनही मला हे नीट जमत नाही. पण नावं जरा सावकाश घेते.

एकदा सगळे गेल्यावर मी साहेबांना विचारलं, “संपलं हे तुम्हाला कळतं कसं? आमेन केव्हा म्हणायचं?”

त्यांनी विचार केला. मी थांबले. पाळकीणबाई आत होत्या, त्याही बोलल्या नाहीत.

“भूक,” ते म्हणाले.

नव्या पेशंटचे नातेवाईक मला अजून तेच विचारतात, किती दिवस लागतील. मी सांगते, माहीत नाही. मग त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगते, ती कुठल्या पुस्तकात मला सापडलेली नाही. पेशंट बोलायचा प्रयत्न करत असेल तेव्हा समोर उभं राहू नका. खुर्ची ओढा आणि बसा. उभा माणूस दिसला की पेशंटला वाटतं, हा आता निघणार, आणि त्या घाईत हाताशी आलेला शब्दही निसटतो. बसलेला माणूस दिसला की त्याला दम धरता येतो.

देवाच्या बाबतीत हे उलटं आहे, तिथे घाई आपल्यालाच असते. तरी उपाय तोच लागू पडतो की काय, मला ठाऊक नाही. मी आपली बसते.